सूर, सनाइया

गावाचं नावच सूर,
तरी मुसल्लमची गाडी बेसूर रडत आली.
एक्याण्णवची हायलक्स, मागे थर्माकोलच्या पेट्या,
पेट्यांत सुरमई, सुरमईवर वितळायला आलेला बर्फ.
वळताना कण्हते, पूर्ण वळवली की किंचाळते,
आणि पहाटे, इंजिन गार असताना,
स्टिअरिंग उजवीकडे जातच नाही म्हणे.
"पंप खलास," तो म्हणाला. "सगळे म्हणतात पंप."
सगळे म्हणजे समोरचा पेशावरी, कोपऱ्यावरचा वर्गीस.
आणि वर्गीसकडे पंप तयारच होता,
पंचेचाळीस रियाल.

मी टाकीचं झाकण काढलं.
तेल लाल हवं.
होतं सोलकढीसारखं, गुलाबी, वर फेस.

बेल्ट दाबला: अंगठ्याखाली अर्धा इंच, ठीक.
रुहेलला आत बसवलं, म्हटलं हळू फिरव,
आणि लांब पान्याचं एक टोक पंपावर,
दुसरं माझ्या कानामागच्या हाडावर.
पंप कुरकुरत होता,
पण म्हाताऱ्या माणसासारखा नाही,
उपाशी माणसासारखा.
खाली पुठ्ठा सरकवला, तासभर ठेवला.
पुठ्ठा कोरडा. एक थेंब नाही.
म्हणजे काही बाहेर येत नव्हतं.
काहीतरी आत जात होतं.

टाकीतून पंपाकडे जाणारा आखूड पाइप, वीतभरही नाही.
इतक्या उन्हाळ्यांनी कडक झालेला,
वाकवला तर पोटाखाली बारीक भेगा,
टाचेला पडतात तशा.
क्लिप खाऱ्या वाऱ्यानं गंजून सैल.
गाडी उभी असली की भेग मिटते, तेल आतच राहतं.
इंजिन सुरू झालं की पंप ओढतो,
आणि तेलाच्या प्रत्येक घोटाबरोबर
थोडी हवा पितो.

पाइप अडीच रियालचा.

जुनं तेल बादलीत, नवं टाकीत,
पुढची चाकं जॅकवर अधांतरी, इंजिन बंद,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.
टाकीत बुडबुडे येत राहिले,
तळाशी बसून कुणी श्वास सोडावा तसे.
घाई केली तर पुन्हा फेस.
मुसल्लम उकिडवा बसून अरबीत मोजत होता, मी मराठीत.
रुहेल नुसता फिरवत होता.
बत्तिसाव्याला बुडबुडे थांबले.
मग इंजिन सुरू केलं,
एका बोटानं वळली गाडी.
पैसे दिले त्यानं, वर दोन सुरमया.

तिसऱ्या दिवशी परत.
पुढच्या बंपरला फुटपाथचा पिवळा रंग.
"ही मला ओळखत नाही," तो म्हणाला.
"दोन वर्षं खांदा लावून वळवली.
आता मी नुसता विचार करतो
आणि ती वळलेली असते.
थोडी जड करून दे."

रुहेल हसला. मला हसता आलं नाही.
मागच्या सुट्टीत जैतापूरला पोचलो, रात्री दोन वाजता.
मागचं दार फुगलेलं असतं हे पक्कं ठाऊक,
बॅग खाली ठेवून लहानपणापासूनची ती खांद्याची धडक मारली
आणि सरळ आत, हंड्या-कळशांवर.
हेमांगीनं सुताराकडून रंधा मारून घेतला होता,
कधीचाच.
"फोनवर सांगायचं असतं होय हे?" ती म्हणाली,
माझ्या गुडघ्याला हळद लावताना.

जड करायला गिअरबॉक्सवर एक स्क्रू असतो,
पण तो त्यासाठी नसतो.
म्हटलं, आठ दिवस जाऊ दे, बाबा.
पहाटे बंदरावर मोकळं असतं, तिथे फिरव.

तो काही बोलला नाही. कोपर खिडकीबाहेर टाकून बसला.
गल्लीच्या तोंडाशी गाडी जरा जास्त वळली,
मग जरा कमी,
मग आवाज न करता उन्हात गेली.

बादली अजून तिथेच होती.
फेस बसून तेल
पुन्हा लाल झालं होतं.