नीला

नववीच्या पुस्तकात त्यांची नावं रोहिणी आणि नीला होती.
माशेलच्या शाळेत बाई फळ्यावर काढायच्या:
तांबड्या खडूनं रोहिणी, हृदयातून निघालेली,
निळ्या खडूनं नीला, परतणारी.
तिसऱ्या बाकावर खरीच एक नीला बसायची.
वर्ग तिच्याकडे बघून हसायचा
आणि ती वहीत मान घालून
निळा रंग आणखी गडद करत राहायची.

पुढे बांबोळीला, फॉर्मेलिनच्या वासात, कळलं
की मेल्यावर कुणी तांबडी नसते, निळी नसते.
दोघी भिजल्या सुतळीच्या, एकाच मळकट रंगाच्या.
ओळखायचं बोटांनी.
रोहिणी रिकामी झाली तरी गोल राहते,
कापली तरी तोंड मिटत नाही.
नीला चपटी पडते,
चिमटीत विरेल की काय अशी.
पण तीच उभी चिरून पाण्यात धरली
की आतून उमलतात पडदे,
दोन-दोन, समोरासमोर,
तांदळाएवढे खिसे,
सगळ्यांची तोंडं वरच्या बाजूला.

आज डॉपलरच्या खोलीत सोयरू तारी.
राहणार जुवें. वय एकाहत्तर. धंदा, मी लिहिलं, शेती.
"शेत न्हय गो बाये. मानस."

मानस म्हणजे मन, असं मला शाळेनं शिकवलेलं.
त्याच्याकडे मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
ओहोटीला आतलं पाणी ते बाहेर सोडतं.
भरतीला खाडी रेटा देते
आणि तिच्याच रेट्यानं मिटतं.
खारं पाणी बाहेर, कोरगूट आत.
चाळीस वर्षं हा माणूस ओहोटी बघून झोपला, ओहोटी बघून उठला,
मांडीएवढ्या पाण्यात.

डावा पाय.
घोट्यापासून वर चढणारी शीर
फुगून, गाठी धरून, बाहेरून दिसणारी.
घोट्याशी कातडी काळवंडलेली.
अंगठा दाबला; खळगा तसाच राहिला.
तो वाकून बघत म्हणाला, बांधात कुर्ली बीळ करते ना, तसं.

"उभे राहा. भार उजव्या पायावर."
पोटरी दाबली. पडद्यावर निळा लोट वर गेला.
सोडली.
तिथं थांबायला हवं होतं.
तांबडं खाली आलं, एक सेकंद, दोन,
तीन, अजून येतंच होतं.

(इथं तांबडं म्हणजे रोहिणी नव्हे.
तांबडं म्हणजे माझ्याकडे येणारं, निळं म्हणजे दूर जाणारं.
बाईंना हे सांगायचं राहून गेलं.)

यंत्राचा आवाज वाढवला.
डोळे मिटून त्यानं तो पुरता ऐकला,
रात्री बांधावर ऐकत असेल तसा.
"दार गळटा," म्हणाला.
मी मान डोलावली.
"कितल्यो मानशी आसात एका पायांत?"
"या एकाच शिरेत दहा-बारा. कुणाकुणाला वीस."
"आमच्या आख्ख्या गांवांत पांच."
मग थोड्या वेळानं, "आनी राखपी कोण?"

पोटरी, मी म्हणाले. चालताना तीच वर उपसते.
नुसतं उभं राहिलं की तिला झोप लागते.

तो हसला. उभं राहण्यातच त्याचा जन्म गेलेला.

जेल त्यानं स्वतःच पुसलं, बोटांच्या बेचक्यांतूनही.
किती वाजले विचारलं. भरती चार-दहाला,
आणि पोरगा दारांवरचं शेवाळ काढत नाही, फोनवर असतो.
मी अहवालात लिहिलं: झडपा निकामी,
जांघेपासून घोट्यापर्यंत उलटा प्रवाह.
खाली सही.

बाहेर व्हरांड्यात, भिंतीला तळवा टेकून,
मी दाखवलेलं तो करून बघत होता:
टाच वर, टाच खाली, टाच वर.
व्यायामासारखं नाही.
बुजलेल्या दाराला खांदा लावून
हलतंय का बघावं, तसं.