चार बोटं दोरी

आमच्या उंबऱ्याशी फरशीत जडवलेली पाच लॅटिन अक्षरं होती,
साल्वे. म्हणजे या, बरं असो तुमचं, असं काहीतरी.
कुणा तेलाच्या व्यापाऱ्यानं बसवली म्हणतात,
जो पुढे एका रात्रीत त्बिलिसी सोडून गेला,
चांदीचे चमचेसुद्धा न घेता.
मागून आलेल्यांनी त्याच्या दिवाणखान्याच्या पाच खोल्या केल्या.
छतावरची गुबगुबीत देवदूत-पोरं भिंतींनी कापली गेली:
माझ्या वाट्याला दोन पाय आणि एक पंख,
शेजारच्या ओतियाकडे चेहरा.
तो म्हणतो, हसतोय. मी कधी बघायला गेलो नाही.

पहिलं अक्षर झिजून गेलंय आता.
उरलेल्यांचा अर्थ आम्हाला येणाऱ्या एकाही भाषेत लागत नाही.
पाय मात्र त्यावरच पुसतो.

दहा वाजता सालोमे येते, हातात पिवळी छत्री, मागे वीस माणसं.
ती दाखवते जिना, कठड्याची लोखंडी फुलं, सोलोलाकीतली शेवटची रंगीत काच.
माणसं माना वर करतात
आणि माझ्या वाळत घातलेल्या बनियनचा फोटो काढतात.
भोकं पडलेले मी हल्ली मागच्या बाजूला टाकतो.
संस्कृतीला माझा हातभार एवढाच.

घराला तडा आहे.
तळमजल्यावर निघून, वार्सेनिकचा सज्जा एकीकडे
आणि त्सियालाचा दुसरीकडे ठेवत
तो छपरापर्यंत गेलाय, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखा.
नगरपालिकेच्या इंजिनियरनं त्यावर काचेची पट्टी चिकटवली,
बोटभर रुंद, दोन्ही टोकांना प्लास्टर, खाली तारीख.
काच फुटली म्हणजे घर हललं. फुटली तर कळवायचं.
कळवलं की शिक्का, शिक्क्यानंतर ट्रक,
ट्रकनंतर शहराबाहेरचा नववा मजला,
ज्याच्या खिडकीतून दुसरे नववे मजलेच दिसतात.
काचेवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी खाली राहतो म्हणून.

ती फेब्रुवारीत फुटली.
रात्री, खडीसाखर दाताखाली यावी एवढाच आवाज.
मी वडिलांच्या तसबिरीची काच काढली, मापानं कापली,
तारीख तीच लिहिली, त्याच वळणाची, सातच्या पोटात तीच आडवी रेघ.
इंजिनियर आला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
म्हातारी दम धरून आहे हं.
मी त्याला तुतीची दारू पाजली.
पुढच्या वर्षी तसबिरीतली आणखी एक पट्टी गेली.
वडील आता भिंतीवर नुसतेच, उघडे. मिशांवर धूळ बसते.

वार्सेनिक आणि त्सियाला अकरा वर्षं बोलत नाहीत.
भांडण एका पन्हळीचं,
की पन्हळीच्या निमित्तानं कशाचं, ते विचारू नये.
पण दोरी एकच आहे: दोन सज्जे, दोन कप्प्या, मधे अंगणाएवढी पोकळी.
एकीनं ओढली की दुसरीचे कपडे सरकतात.
म्हणून सोमवार हिचा, गुरुवार तिचा, हे न बोलता ठरलं.
आणि दोन झटके म्हणजे पाऊस येतोय, काढ.
एक लांब, सावकाश ओढ म्हणजे काय
ते मला अजून कळलेलं नाही;
ती आली की दुसरी खिडकी लावून घेते.

परवा कप्पी किंचाळली.
मी वर पाहिलं, दोरी तारेसारखी ताणलेली,
आणि पोटात खड्डा पडला.
काच मी बदलत राहिलो. दोरीचं लक्षातच आलं नाही.

दुपारी, सालोमेची माणसं जिन्यात असताना,
वार्सेनिकनं सज्ज्यात स्टूल आणलं,
सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यावर चढली, गाठ सोडली.
पलीकडे त्सियालानं, कुणी न सांगता,
दोरीचे दोन्ही पदर मुठीत आवळून धरले,
सगळं धुणं अंगणात पडू नये म्हणून.
वार्सेनिकनं एप्रनची नाडी उपसली,
मधे चार बोटं जोड दिला,
गाठ मारली, दातांनी घट्ट केली.
मग दोन्हीकडून एकेकदा ओढून पाहिलं.

कुणी कुणाकडे बघितलं नाही.
वीसातल्या एखाद्यानं फोटो काढलाच असेल
तर त्यात एक उशीचा अभ्रा असेल,
जरासा हललेला.