गोचाकाकाचा उजवा हात

कुताइसीत, रिओनीच्या पुलाला लागून,
चौथ्या मजल्यावर माझं स्वयंपाकघर. तोच स्टुडिओ.
भिंतींना गाद्या टेकवलेल्या,
रेकॉर्डिंगपुरती फ्रिजची पिन काढलेली.
दोनदा चीज नासलं, त्याचा हिशोब वेगळा.

गाणी अकरा.
बद्रीकाकाचं ओट्यापाशी,
गोचाकाकाचं जिन्यात, कारण तो म्हणे तिथे खर्ज घुमतो,
लामाराआत्याचं कपाटात, हिवाळी कोटांच्या गर्दीत.
एकामागोमाग लावली
तर एक कुजबुजतं, ऐकायला पुढे वाकावं
तोच दुसरं अंगावर धावून येतं.

मीटर लावलं. ठरवलं, सगळी उणे चौदावर आणायची.
हे मोजमाप शून्याच्या खालून चालतं,
माणूस कितीही ओरडला तरी वजाच.

पहिल्या रात्री फार दाबलं.
सगळे आवाज इस्त्री करून घडी घातलेले,
आणि आत्याचा श्वास तिच्या गाण्याएवढा.
ऐकून ती म्हणाली,
"तेओना, हे गाणं नाही, हा माझा दमा आहे."

मग सैल केलं. थोडं. अजून थोडं.
पाची बोटं सारखी नसतात हे खरं,
पण मूठ वळताना ती बरोबर येतात
तेवढंच मला हवं होतं.

हेडफोन गोड बोलतात, त्यांचं ऐकू नये.
खरी परीक्षा गोचाकाकाच्या गाडीत,
त्स्खाल्तुबोला जाणाऱ्या सोळा सीटच्या मार्श्रुत्कात.
मी त्याच्या मागे बसते, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
त्याचा उजवा हात गिअर सोडून आवाजाच्या बटणाकडे गेला
की एक टरफल खिशात.
पहिल्या फेरीला नऊ.
दुसरीला पाच. कोंबड्यांची पेटी घेऊन चढलेली बाई म्हणाली,
वाढव जरा, माझ्या पोरींनाही ऐकू दे.
तिसरीला दोन.
त्यातलं एक नेहमीचं,
पाचवं गाणं.

पाचवं बद्रीकाकाचं.
दोघं भाऊ अकरा वर्षं बोलत नाहीत,
अक्रोडाचं झाड, बुंधा याच्या अंगणात, सावली त्याच्या.
गोचाकाका म्हणतो, तो बेंबीच्या देठापासून ओरडतो.
बद्रीकाका म्हणतो, माझ्यावर आवाज चढवायची त्याची जुनी खोड.
मी आकडे कागदावर लिहून नेले.
म्हटलं, मापात पाप नाही, काका,
दोघंही उणे चौदा,
उलट बद्रीकाका अर्ध्यानं हळू.
त्यानं कागद पाहिला,
घडी करून काचेच्या फटीत खोचला,
तिथून वारा येत होता.

काल चौथी फेरी.
चार गाणी हात गिअरवरच.
पाचवं सुरू झालं आणि हात उचलला गेला,
बटणावर जाऊन थांबला.
नेमकी तेव्हाच कोंबड्यांची बाई उतरायला उठली,
तिचा रुमाल, तिची पेटी, सगळं मधे आलं.
चढावर इंजिन गुरगुरत होतं,
कानांनीही साक्ष दिली नाही.
बटण फिरलं हे नक्की.
कुठल्या बाजूला, कळलं नाही.

रात्री शेवटची फाईल काढली.
पाचव्याला हात लावला नाही.
ते एक टरफल
अजून कोटाच्या आतल्या खिशात आहे,
त्याची बेरीज मी केलेली नाही.