आळणी

सहाच मेजं. त्यातलं खिडकीजवळचं माझं.
रस्त्याकडची खिडकी नव्हे, स्वयंपाकघराची,
जिच्यातून अदेलिनुचे दोन हात दिसतात
आणि वाफ. तोंड दिसत नाही.

आवेइरूच्या मिठागरात मी मीठ ओढतो.
दुपारी पोटऱ्यांवर पांढरे नकाशे वाळलेले,
तसाच येतो.
एर्मिनिया न विचारता पाव ठेवते,
ऑलिव्ह ठेवते, लाल वाइनचा मातीचा चंबू ठेवते.
मेन्यू भिंतीवर आहे म्हणतात.
तिथे नुसता खिळा आहे.

यंदा दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.
कशावरून, कुणाला ठाऊक नाही.
फिर्मिनु न्हावी म्हणतो, पैसे.
त्याची बायको म्हणते, पैसे कसले, तिची बहीण.
माझी खुर्ची दोघांच्या मध्ये,
म्हणून निरोप्या मीच झालो.
"त्याला सांग, वामांचं कालवण दोन, सूप एक."
मी मान वळवतो: कालवण दोन, सूप एक.
"तिला सांग, ऐकू आलं. बहिरा नाही मी."
मी मान वळवतो.
त्या एवढ्याशा खोलीत
सगळं सगळ्यांना दोनदा ऐकू यायचं.

मग एका मंगळवारी:
"त्याला सांग, कालवण आळणी आहे.
चौघांनी ताटं तशीच सोडली."

माझ्या तोंडात घास होता. तोही आळणी.
आणि काही आजचा आळणी नव्हता,
मे महिन्यापासून मला कळत होतं.
ज्याच्या नखांतसुद्धा मीठ, त्याला कळणार नाही?
पण वीस वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं
त्याच्या मिठाला जागायचं म्हणजे
मीठ नाही हे सांगायचं, की गप्प बसायचं?
मी गप्प बसलो. पावाबरोबर ढकलत राहिलो.
घरी जाऊन चिमूटभर जिभेवर ठेवायचो,
चोरून सिगारेट ओढावी तसं.

सांगितलं त्याला.
खिडकीतले हात थांबले.
डाव खाली ठेवला गेला, पुन्हा उचलला गेला,
पुन्हा ठेवला.
मग फार हळू,
त्या खोलीत जेवढं हळू बोलता येतं तेवढं:
"तिला सांग, मला चव कळत नाही.
त्या तापानंतर. वासही नाही.
तेल करपतंय हे मी धुरावरून ओळखतो."

नुसती मान वळवायची होती.
ती वळेना.
मी कागदावरचे पावाचे कण गोळा करत बसलो,
एक एक, जणू ते मोजून कुणाला द्यायचे होते.

एर्मिनियाच्या हातांवर तीन बश्या होत्या.
त्या तिने दोन जर्मन पोरींसमोर ठेवल्या,
ज्यांनी काहीच मागवलं नव्हतं,
आणि आत गेली.

खिडकीत आता चार हात.
एक चमचा वर गेला, दिसेनासा झाला, खाली आला.
"अजून," ती म्हणाली. थेट त्याला.
"अजून. अजून थोडं. बस्स.
बस्स म्हटलं ना, गाढवा!"

तेव्हापासून ते अखंड भांडतात.
लसणावरून, आचेवरून, वाम कुणी सोलायचे यावरून.
जेवण यायला पाऊण तास लागतो,
आणि कधी खारट येतं, कारण चमचा तिचा
आणि मूठ त्याची.
मला आता कुणी काही सांगायला सांगत नाही.

काल मेजावरच्या कागदाच्या कोपऱ्यात
तिने हिशोब मांडला: पाव, सूप, वाम, वाइन.
बेरीज केली. पेन्सिल कानामागे खोवली.
मग वर न बघता विचारलं,
"मे महिन्यापासून ना?"
मी हो म्हटलं.
तिने पेन्सिल पुन्हा काढली,
बेरीज खोडली, वर एक ओळ घातली: ऑलिव्ह.

वीस वर्षांत ऑलिव्हचे पैसे तिने कधी लावले नव्हते.
मी मुकाट्याने दिले.