सात मिलिमीटर

टोरबियोर्ग ओस्नेस, वय एकसष्ट,
फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात जन्म गेला.
आता खुर्चीत हनुवटी वर करून बसलीय
आणि मी तिच्या खालच्या पापणीत
कागदाची पट्टी अडकवते.
पाच मिनिटं. बोलायचं नाही.
खिडकीबाहेर बर्गेन गळतंय,
छपरं, गटारं, सायकलींच्या सीटा,
आणि हिच्या डोळ्यांत
कागद भिजेल एवढंही पाणी नाही.

मार्चमध्ये पट्टी तीनवर थांबली होती.
केसाएवढ्या काचनळीत जेमतेम चढलं
ते मी यंत्राला पाजलं.
खारटपणा तीनशे एकतीस.
"समुद्राचा किती असतो?"
हजाराच्या आसपास, मी म्हणाले.
"म्हणजे मी अजून फ्योर्डच आहे."

त्या थेंबात राखण करणारी प्रथिनं थोडी होती,
आग लावणारी फार.
बाहेरून कुणी आलं नव्हतं.
कुंपणच शेत खात होतं,
तिच्याच रक्तातले पहारेकरी
तिच्याच अश्रुग्रंथींत तळ ठोकून.

औषधाचं मूळ इथलंच,
हार्डांगरच्या पठारावरच्या मातीतली बुरशी.
सुट्टीवर आलेल्या कुणीतरी
पिशवीत थोडी माती भरून नेली होती,
दूरच्या प्रयोगशाळेत.
हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
"तिथे आमची मेंढरं चरायची."
आणि बऱ्याच वेळाने,
"डोळ्यांत माती गेली की आई फुंकर घालायची.
तुम्ही माती घाला म्हणता."

रोज रात्री एक थेंब, दुधट, तेलातला.
लोक डोळ्यांत तेल घालून जागतात,
हिला तेल घालून झोपायचं होतं.
झोंबायचं. पहिले दोन महिने
फोनवर शिव्याच खाल्ल्या मी.

आज सप्टेंबर. पट्टी काढली.
सात.
खारटपणा तीनशे आठ.
आग लावणारं ते एक प्रथिन, निम्म्यावर.
मी आकडे वाचून दाखवले,
जरा चढ्या आवाजातच, जणू माझीच कमाई.
"खुपतंय तसंच," ती म्हणाली.
मी रकान्यात लिहिलं: तसंच.
हे आमच्याकडे नेहमीचं.
पाणी सुधारतं, डोळ्याला पत्ता नसतो.

मग कोट चढवता चढवता, दाराशी:
"एक राहिलंच. गुरुवारी
सूपासाठी कांदा चिरत होते.
नाकाच्या डाव्या बाजूने काहीतरी घरंगळलं.
बारा वर्षांत नाही झालं असं.
मी आधी वर छताकडे बघितलं."

मग?

"छत कोरडं होतं."

छत्री तिची इथेच राहिली.
माझ्या फॉर्मवर याला रकाना नाही.
समासात, पेन्सिलीने, मी लिहिलं:
कांदा. डावा डोळा. एक.