सतरा नंबर

पाण्याची पाळी पाचव्या दिवशी, रात्री पावणेतीनला.
मोटर लावली, पाईप पहिल्या बॅरलात सोडला
आणि जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसले.
हिरवं असायचं ते पान पिवळं होतं.
सतरा नंबरची डिस्क गेली.

सर्व्हर तिकडे, होटगी रोडच्या इस्पितळात,
त्यांचा एसी परवापासून नुसताच वारा मारतो.
मी इथं भवानी पेठेत, बटणावर बोट ठेवून.
बाहेर काढायची? हो.
खात्री आहे? 
मोटरीचा आवाज बदलला, पाईप दुसऱ्या बॅरलात टाकला,
मग म्हटलं, हो.

सतरात जे होतं त्याच्या दोन प्रती
आधीच दुसरीकडे होत्या.
तिसरी आता जागा बघून कुठंतरी बसते आहे.
चार टक्के. चार टक्के. पाच.

अत्तम्मा उठल्या. घागरी, बादल्या,
कुकरसुद्धा भरला.
"सगळं एकाच टाकीत कशाला? फुटली तर?"
हेच मी मुलाखतीत सांगितलं होतं,
इंग्रजीतून, दहा मिनिटं.

त्या टक्क्यांत कुठंतरी
त्यांच्याही छातीचा एक्स-रे आहे, मार्चमधला.
चाळीस वर्षं विड्या वळल्या त्यांनी.
कुठल्या डिस्कवर, ते पान सांगत नाही.
शोधता येईल. मी शोधत नाही.

साडेचारला नळ फसफसला आणि गेला.
एकसष्ट टक्के.
अत्तम्मा झाकणं लावत होत्या, मोजून.
एक कमी पडलं,
त्यावर परात.