कणकण

सांबरवाडीच्या वळणावर आवाज आला तेव्हा
वाटलं, मागून कुणीतरी पत्रा ओढत येतंय.
थांबले. मागे कुणी नव्हतं.
पत्रा माझ्याच पुढच्या चाकात होता.

रोज बामणोलीला जाऊन येऊन सत्तर किलोमीटर,
पाठीला लसींचा डबा,
आणि परतताना सगळा यवतेश्वर घाट
उजव्या हाताच्या दोन बोटांवर.

शिकलगारांच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"भाऊंना पाठवा ताई, बसवून देतो."
म्हटलं, भाऊ नाहीत. पॅड दे. तेवढंच.
त्यानं पुडी सरकवली.

रविवार. करंज्यातलं आमचं अंगण,
म्हणजे दोन फरश्या आणि एक नळ.
नाना उपड्या बादलीवर. एकतीस वर्षं एसटी,
त्यातली नऊ बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर.
बॅटरी धरून बसले, दिवसाढवळ्या.
मीही म्हटलं नाही, बंद करा.

बारा नंबरचा पाना. पहिला बोल्ट लगेच आला.
दुसऱ्यानं अर्धा तास खाल्ला,
पान्याला पाइपचा तुकडा, मग हातोडी,
मग माझ्या तोंडची एक शिवी,
जी नानांना ऐकू आली नाही असं ठरलं.

पॅड निघाले.
बाहेरच्यात अजून नखभर जीव होता.
आतलं संपलेलं. नुसतं लोखंड, आरशासारखं.
एकाच चाकाचे दोघं, एकाच दिवशी बसवलेले,
आणि हे असं.
"पिन सुकलीय," नाना म्हणाले.
"एकच बाजू सगळं घेत ऱ्हायली."
मग बराच वेळ बॅटरीचा उजेड
स्वयंपाकघराच्या दारावर पडून राहिला.
आई जाऊन दोन वर्षं होतील आता.

"नाना, इकडं."
"हां."

जुन्या टूथब्रशनं कॅलिपर घासला.
काळी भुकटी, पिठासारखी मऊ,
वर्षभराचा घाट
कण कण होऊन फरशीवर.
पिना पुसल्या, ग्रीस लावलं, बोटाएवढंच.
वरचं झाकण उघडून भोवती चिंधी गुंडाळली,
हे तेल रंग खातं,
आणि पिस्टन अंगठ्यांनी आत ढकलला,
सावकाश, हट्टी मुलाला वर्गात ढकलतात तसा.
नवे पॅड. बोल्ट. झालं.
मी उठले, ऐटीत लिव्हर दाबली
आणि ती थेट मुठीला टेकली.

काहीच नाही. आत कुणीच नाही.

पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि खाली पायरी नसावी.

नाना हसले. किती दिवसांनी.
"दाब की परत. लांबनं यायचंय त्याला."
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.
बीपीचा फुगा दाबते तशी, मनात मोजत.
पाचव्याला
आतून कुणीतरी माझा हात धरला.

"आता शंभर किलोमीटर करकचून दाबायचं न्हाई.
नव्या माणसाला एकदम राबवू नये."

संध्याकाळी त्यांना मागे बसवून घाट चढले,
वरून लगेच वळवली.
कासची फुलं बघून गाड्या उतरत होत्या,
हॉर्नवर हॉर्न.
प्रत्येक वळणाला नानांचा उजवा पाय
फूटरेस्टवर दाबला जायचा,
तिथं नसलेल्या पेडलवर.
गाडी माझ्या दोन बोटांनी थांबायची.
तरी मी लिव्हर जरा उशिराच सोडायचे,
त्यांचा पाय सैल होईपर्यंत.

बोगद्यापाशी थांबलो.
नाना उतरले, गुडघ्याला हात देऊन वाकले,
पालथा पंजा डिस्कजवळ नेला, टेकवला नाही,
मुक्कामाच्या गावी रोज रात्री
चाकाच्या ड्रमजवळ न्यायचे तसा.

"काय?" मी विचारलं.

"कणकण आहे," म्हणाले.
"ताप न्हाई."